जुन्या नोंदी, नवा अहवाल आणि मधला दुभाषी

स्मरणिकेचे काम हाती घेतले तेव्हा माजी विद्यार्थ्यांची वर्षनिहाय आणि गावनिहाय यादी तीत छापावी, असे संपादक मंडळाने ठरविले. काम सोपे वाटले होते. कार्यालयात जनरल रजिस्टर आहे. शाळेत पहिला संगणक आला त्या काळी त्या रजिस्टरातील नोंदी संगणकावर भरून ठेवल्या होत्या. वसतिगृहाची नोंदवही स्प्रेडशीटमध्ये वेगळी आहे, आणि अलीकडच्या वर्षांची माहिती शासनाच्या संगणक प्रणालीतून उतरवून घेतलेली आहे. हे सारे एका अहवालात गुंफायचे, इतकेच काम.

कच्ची यादी आम्ही सूचनाफलकावर लावली. दुसऱ्याच दिवशी एक ताई वसतिगृहातील आपल्या मुलाला भेटायला आल्या होत्या. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "सर, मी इथंच शिकली, सातवीलोक. माहं नाव नाही यात." आम्ही कागदी रजिस्टर काढले. नाव होते, जन्मतारीख होती, शाळा सोडल्याची तारीखही होती. यादीत मात्र त्या नव्हत्या.

त्या एका नावाचा माग काढताना आम्ही जे शिकलो, ते या पाठात मांडत आहोत. विषय तांत्रिक आहे : अहवाल तयार करणाऱ्या साधनाला बाहेरच्या माहिती-फाइली डेटाबेस ड्रायव्हरच्या मार्फत कशा जोडाव्यात. परंतु पाठाचे सार एका वाक्यात सांगता येते. अहवालात नाव नाही, याचा अर्थ ते मूल शाळेत नव्हते असा होत नाही. ड्रायव्हरने ते नाव वाचले नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

नोंदीचे मोल

शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ म्हणजे केवळ आठवण नव्हे. जात पडताळणी समितीपुढे अर्जदाराच्या, त्याच्या वडिलांच्या आणि आजोबांच्याही शालेय नोंदीचा उतारा पुरावा म्हणून लागतो. महाराष्ट्रात या पडताळणीचा कायदा २००० सालचा असून तो २००१ चा अधिनियम क्रमांक २३ म्हणून ओळखला जातो. अनुसूचित जातींविषयीच्या राष्ट्रपतींच्या आदेशात १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश झाला. तेव्हापासून धर्म आणि जात या दोन रकान्यांत नेमके काय लिहिले आहे, यालाही आपल्या समाजात वेगळे महत्त्व आले. म्हणून आजचा एखादा तरुण वडिलांच्या दाखल्यासाठी कार्यालयात येतो आणि लिपिक संगणकात पाहून 'असे नाव नाही' असे सांगतो, तेव्हा त्या उत्तराची जबाबदारी फार मोठी असते.

दुभाषी कशासाठी

अहवाल तयार करणारे साधन, मग ते क्रिस्टल रिपोर्ट्स असो वा लिबरऑफिस बेस, बाहेरच्या फाइलींशी असे जोडले असता मूळ माहिती स्वतःजवळ बाळगत नाही. माहिती फाइलीत असते. साधन ती मागते, तिची वर्गवारी करते, बेरीज करते आणि छापण्याजोगी मांडते. अडचण अशी की प्रत्येक फाइलीची बोली वेगळी. जुनी माहिती डीबेस किंवा फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलीत असते, स्प्रेडशीटमधून काढलेली माहिती स्वल्पविरामांनी तोडलेल्या सीएसव्ही फाइलीत असते. प्रत्येक साधनाने प्रत्येक बोली शिकावी, ही अपेक्षा व्यवहार्य नाही.

वणीच्या कापूस बाजारात हा प्रसंग आपल्या परिचयाचा आहे. पैनगंगेपलीकडचा व्यापारी तेलुगू बोलतो, शेतकरी मराठी किंवा कोलामी. दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस मध्ये उभा राहतो आणि सौदा होतो. त्याचा ना कापूस असतो, ना पैसा. तो ऐकलेले सांगतो. त्याने नीट ऐकले तर दोघांचेही भले. चुकीचे ऐकले तर नुकसान होते आणि ते का झाले हे दोघांनाही कळत नाही.

संगणकातील ड्रायव्हर हा असाच दुभाषी होय. १९९२ साली मायक्रोसॉफ्टने ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी, म्हणजे ओडीबीसी, ही सामायिक पद्धत आणली. साधनाने एकाच ठराविक भाषेत विचारावे, प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी तिचा ड्रायव्हर असावा, आणि त्या ड्रायव्हरने प्रश्न फाइलीच्या बोलीत नेऊन उत्तर परत आणावे, अशी ही योजना आहे. फाइल बदलली तर ड्रायव्हर बदलतो. अहवालाची मांडणी तीच राहू शकते.

जोडणीचा क्रम

पहिली गोष्ट, मूळ फाइलीला हात लावू नये. तिची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घ्यावी आणि प्रतीवरच काम करावे. डीबीएफ फाइलीसोबत त्याच नावाची दुसरी एखादी फाइल आहे का, हे पाहावे. शेऱ्यासारखा लांब मजकूर डीबेसमध्ये डीबीटी आणि फॉक्सप्रोमध्ये एफपीटी या जोडफाइलीत राहतो. ती मागे राहिली तर तक्ता उघडत नाही किंवा शेरा रिकामा दिसतो. आणि शाळा सोडण्याचे कारण बहुधा शेऱ्यातच लिहिलेले असते.

दुसरी गोष्ट, फाइलीचे नाव रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावे. जुन्या ड्रायव्हरांना लांब नावे ओळखता येत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे डेटा सोर्स तयार करणे. विंडोजमध्ये ओडीबीसी डेटा सोर्सेस या नावाची खिडकी असते. तेथे ड्रायव्हर निवडावा, जोडणीला एक सोपे नाव द्यावे आणि फोल्डर दाखवावा. येथे नवशिक्याचा गोंधळ होतो. आपण फाइल दाखवू पाहतो, ड्रायव्हर मात्र फोल्डर मागतो. डीबीएफ आणि सीएसव्ही या प्रकारांत फोल्डर हाच डेटाबेस असतो आणि त्यातील प्रत्येक फाइल हा एक तक्ता. 'युजर' प्रकारची जोडणी केवळ त्या वापरकर्त्याला दिसते, 'सिस्टिम' प्रकारची त्या संगणकावरील सर्वांना. कार्यालयात दोन-तीन जण एकच संगणक वापरत असतील तर दुसरा प्रकार निवडावा. पर्यायांत 'केवळ वाचन' अशी खूण असेल तर ती अवश्य करावी.

चौथी गोष्ट, ड्रायव्हर आणि साधन एकाच जातीचे असावेत. ६४ बिटच्या साधनाला ३२ बिटचा ड्रायव्हर चालत नाही. ६४ बिट विंडोजमध्ये या दोहोंसाठी दोन स्वतंत्र खिडक्या असतात. एकीत केलेली जोडणी दुसऱ्या जातीच्या साधनाला कामाची नसते, आणि आपण सारे बरोबर करूनही संगणक नकार देत राहतो. आमचा एक पूर्ण दिवस यातच गेला.

ज्यांना हा खटाटोप टाळायचा असेल त्यांनी लिबरऑफिस बेस वापरून पाहावे. ते विनामूल्य आहे आणि डीबेस व मजकूर-फाइली वाचणारे ड्रायव्हर त्यातच अंगभूत आहेत. 'अस्तित्वात असलेल्या डेटाबेसशी जोडणी' हा पर्याय निवडून फोल्डर दाखविला की तक्ते समोर येतात.

पुसलेली, तरीही असलेली नोंद

आता त्या ताईंच्या नावाकडे येऊ. डीबीएफ फाइलीची रचना समजून घेतली तेव्हा कोडे सुटले. या फाइलीच्या आरंभी रकान्यांची माहिती असते आणि त्यानंतर नोंदी एकामागून एक येतात. प्रत्येक नोंदीच्या अगोदर एका अक्षराची जागा राखलेली असते. ती जागा मोकळी असेल तर नोंद चालू. तेथे तारांकन असेल तर नोंद 'वगळलेली'. म्हणजे डीबेसमध्ये नोंद वगळली तरी ती लगेच नष्ट होत नाही. तिच्या कपाळी तारांकनाची खूण होते, एवढेच. 'पॅक' ही आज्ञा दिली तरच अशा नोंदी फाइलीतून खरोखर जातात.

शाळा सोडल्याचा दाखला दिला की ती नोंद संगणकात वगळायची, अशी प्रथा त्या काळी आमच्या कार्यालयात पडली होती. पटावर आज किती मुले आहेत, हे चटकन कळावे म्हणून ती सोय होती. कोणाचा हेतू वाईट नव्हता. परंतु ड्रायव्हर अशा नोंदी सहसा दाखवीत नाही. परिणामी जी मुले दहावीपर्यंत टिकली ती यादीत आली; आणि जी कापूस वेचणीच्या हंगामात घरी गेली ती परतलीच नाहीत, ज्यांचे आईवडील कामासाठी दुसरीकडे गेले, ज्यांचे लग्न लवकर झाले, ती सारी यादीबाहेर राहिली. शाळेतून जी मध्येच गेली, तीच शाळेच्या आठवणीतूनही गेली असती.

उपाय अवघा एका खुणेचा आहे. डीबेस ड्रायव्हरच्या पर्यायांत 'वगळलेल्या नोंदी दाखवा' अशी चौकट असते. लिबरऑफिसच्या डीबेस जोडणीतही ती आहे. मात्र ती खूण केल्यावर चालू आणि वगळलेल्या नोंदी एकसारख्याच दिसू लागतात. म्हणून आम्ही खूण न करता एक यादी काढली, खूण करून दुसरी काढली, आणि रजिस्टर क्रमांकावरून दोन्ही ताडून पाहिल्या. दुसरीत असलेल्या पण पहिलीत नसलेल्या नोंदी वेगळ्या केल्या. त्यांत चुकून दोनदा भरलेल्या आणि खरोखरच रद्द केलेल्या नोंदीही होत्या. म्हणून त्यातील प्रत्येक ओळ कागदी रजिस्टराशी जुळवल्यावाचून स्वीकारली नाही.

अंक, तारीख आणि लिपी

दुभाषी आणखी तीन ठिकाणी चुकीचे ऐकतो.

पहिले ठिकाण अंकांचे. सीएसव्ही फाइलीत कोणता रकाना संख्येचा आणि कोणता मजकुराचा, हे कोठेही लिहिलेले नसते. ड्रायव्हर आरंभीच्या काही ओळी पाहून अंदाज बांधतो. पहिल्या ओळींत साधे क्रमांक असले की तो रकाना संख्येचा ठरतो. मग पुढे कोठे '४१२ अ' असा क्रमांक आला, किंवा एखाद्याने इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी अंक टंकले, की ती जागा रिकामी येते. इशारा मिळत नाही. '००४५' चे '४५' होते ते वेगळेच. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो रकाना मजकूरच मानावा, हा नियम पाळावा. रजिस्टर क्रमांक, बँक खाते क्रमांक आणि भ्रमणध्वनी क्रमांक यांच्याबाबतीत तर विशेषच. ओडीबीसीच्या मजकूर-ड्रायव्हरसाठी त्याच फोल्डरमध्ये 'स्कीमा.आयएनआय' नावाची छोटी फाइल ठेवता येते. तीत फाइलीचे नाव, पहिली ओळ शीर्षकाची आहे की नाही, अक्षरसंच कोणता आणि प्रत्येक रकाना कोणत्या प्रकारचा, हे नोंदवून ठेवले की ड्रायव्हर अंदाज बांधत नाही, सांगितलेले ऐकतो.

दुसरे ठिकाण तारखेचे. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल. ज्या संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची आहे, त्याला ती ४ मार्च वाटते. डीबीएफ फाइलीत तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने आठ अंकांत साठवलेली असल्याने तेथे हा संभ्रम नाही. ती स्प्रेडशीटमध्ये आणि तेथून सीएसव्हीत नेताना तो शिरतो. म्हणून डीबीएफ फाइल उपलब्ध असेल तर थेट तीच जोडावी. मधल्या प्रतीवरून काम करू नये. जन्मतारखेतील महिन्याचा फरक पुढे नोकरीत आणि निवृत्तीत किती त्रास देतो, हे माजी विद्यार्थ्यांना सांगायला नको.

तिसरे ठिकाण लिपीचे, आणि मराठी शाळांचे खरे दुखणे येथेच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत टंकला जात असे. अशा फाइलीत वास्तविक देवनागरी अक्षर नसतेच; रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत असतात, आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. ड्रायव्हर बिचारा संकेत तेवढे आणतो. अहवालात तो फॉन्ट लावला नाही तर नावाच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. हे रूपांतर करून देणारी साधने मिळतात, पण त्यांच्यावर विसंबून राहता येत नाही. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचा क्रमही उलटतो. 'सिद्धार्थ' हे नाव घ्या. त्यात ऱ्हस्व वेलांटी आहे, जोडाक्षर आहे आणि रफारही आहे. आपल्या शाळेत या नावाची मुले थोडी नाहीत. म्हणून रूपांतरित नाव नव्या रकान्यात ठेवावे, मूळ संकेतांचा रकाना पुसू नये, आणि प्रत्येक नाव माणसाने एकदा वाचावे. युनिकोडची सीएसव्ही फाइल असेल तर अक्षरसंच यूटीएफ-८ आहे, हेही ड्रायव्हरला सांगावे लागते.

दोन फाइलींची सांगड

रजिस्टर आणि वसतिगृहाची नोंदवही जोडताना अहवाल-साधन विचारते, जोड कोणत्या प्रकारची हवी. सहसा 'आतली जोड' गृहीत धरलेली असते, म्हणजे दोन्ही तक्त्यांत असलेल्याच नोंदी घेतल्या जातात. आमच्या पहिल्या यादीत गावातून रोज येणारी मुले यामुळेच गळाली होती. वसतिगृहाच्या वहीत ती असणार कशी? रजिस्टर हा मूळ तक्ता मानून 'डावी जोड' घ्यावी. तीत मूळ तक्त्यातील प्रत्येक नोंद राहते, दुसरीकडे काही नसेल तर ती जागा केवळ रिकामी राहते.

जोड नावावरून करू नये, रजिस्टर क्रमांकावरून करावी. नावांची आणि गावांची रूपे किती बदलतात, याचे उदाहरण आपले गावच आहे. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत वणीचे नाव 'वुन' असे लिहिलेले आढळते. इतकेच नव्हे, तर आजच्या यवतमाळ जिल्ह्यालाही १९०५ पर्यंत हेच नाव होते. आमच्या फाइलींत 'वणी' आहे, 'वनी' आहे, शेवटी एक अदृश्य रिकामी जागा असलेले 'वणी' आहे. मुकुटबन कोठे ऱ्हस्व आहे, कोठे दीर्घ. माणसाला ही एकच गावे, संगणकाला निराळी. उलट नाशिक जिल्ह्यातही वणी आहेच, आणि केवळ गावाच्या नावावर गेलो तर संगणक दोन्ही वण्या एक करून टाकील. यावर आम्ही एक छोटा गावकोश केला. डाव्या रकान्यात फाइलींत आढळलेले प्रत्येक रूप, उजवीकडे प्रमाण नाव, पुढे तालुका आणि जिल्हा. मूळ नोंदीतील लेखन तसेच ठेवले. अहवाल तेवढा गावकोशातून नाव घेतो. मूळ नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार आमचा नाही. त्यासाठी विहित रीत आहे.

मोजदाद हाच पुरावा

एवढे करूनही अहवाल बरोबर आहे हे कशावरून? आम्ही तीन आकडे शेजारी लिहिण्याची शिस्त घालून घेतली. त्या वर्षी कागदी रजिस्टरात किती प्रवेश झाले, फाइलीत त्या वर्षाच्या किती नोंदी आहेत, आणि अहवालात किती नावे छापली गेली. तिन्ही जुळले तर पुढे जावे. जुळले नाहीत तर प्रत्येक फरकाचे कारण लेखी द्यावे. 'संगणकाने असे दाखवले' हे कारण धरू नये. ही तपासणी शाळेतील आठवी-नववीची मुलेही करू शकतात. आम्ही त्यांच्याकडून करून घेतली, आणि रजिस्टर उघडून क्रमांक वाचताना कितीतरी जणांना आपल्या आई-वडिलांची, मामा-मावशीची नावे सापडली.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. फाइलीत आहे म्हणून सारेच अहवालात आणू नये. जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, बँक खाते यांची स्मरणिकेच्या यादीला गरज नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला आहे. पण कायदा नसता तरी हे पथ्य पाळावेच लागले असते. प्रश्न विचारतानाच नाव, गाव आणि वर्ष हे तीनच रकाने मागावेत. जे मागितलेच नाही ते चुकून छापले जात नाही.

शेवटी एक विनंती

या स्मरणिकेतील यादी या रीतीने पुन्हा तयार केलेली आहे. तीत त्या ताईंचे नाव आहे. दहावीच्या आधी शाळा सोडून गेलेल्या इतर विद्यार्थ्यांची नावेही त्यांच्या प्रवेशाच्या वर्षाखाली, वेगळी न काढता, सर्वांच्या ओळीत छापली आहेत. तरीही ती पूर्ण आहे असा आमचा दावा नाही. वाळवीने खाल्लेली काही पाने आहेत, आणि न वाचता येणारी काही नावे आहेत.

म्हणून माजी विद्यार्थी बंधू-भगिनींना विनंती की, आपले नाव शोधा, आपल्या वर्गातील सोबत्यांची नावे शोधा. जो सोबती मध्येच शाळा सोडून गेला, त्याचे नाव आधी शोधा. न सापडल्यास शाळा सोडल्याचा दाखला, जुनी गुणपत्रिका, वसतिगृहाची पावती, जे काही जवळ असेल ते घेऊन कार्यालयात यावे. आम्ही कागदी रजिस्टर काढू, क्रमांक शोधू आणि तो दुभाषी कोठे चुकला ते पाहू. आपल्या शाळेचे दप्तर शेवटी आपणच वाचून घ्यायचे आहे.